तानाजीच्या पोटरीतलं अडकलेलं रक्त

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर आधी माझ्या पोटाला गुंडाळलेली पांढरी चिकटपट्टी दिसेल. ती सोडू नका, नाहीतर माझी बॅटरी बाहेर पडेल. मी एक जुना डॉप्लर आहे. आकाराने साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. माझ्या कुशीतून एक पिळदार वायर निघते आणि तिच्या टोकाला पेनासारखी कांडी आहे. त्या कांडीला थोडं जेल लावून ती कातडीवर टेकवली, की आतल्या धमनीतून धावणारं रक्त मी मोठ्या आवाजात ऐकवतो.

तुम्हाला वाटत असेल, रक्त ओढ्याच्या पाण्यासारखं शांत वाहतं. तसं नाही. हृदय त्याला दर ठोक्याला जोरात ढकलतं. ते धमनीच्या भिंतीवर आदळतं, जरा मागे सरतं आणि पुन्हा झेपावतं. धुप्प-सूं, धुप्प-सूं. प्रत्येक जिवंत माणसाच्या आत ही मारामारी सतत चालू असते. ती ऐकू आली की मला हायसं वाटतं. भीती वाटते ती शांततेची.

एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. तिथल्या बाईने माझ्या तारा जोडल्या आणि मी चालतो का हे पाहायला मला स्वतःच्याच मनगटावर टेकवलं. मी ऐकलेलं ते पहिलं रक्त. नंतर मला डॉक्टर सौम्या यांनी विकत घेतलं आणि मी बिदर जिल्ह्यातल्या एका लहानशा दवाखान्यात आलो. दवाखान्यात आठ खाटा, एक शस्त्रक्रियेची खोली आणि मल्लम्मा नावाच्या धिप्पाड परिचारिका होत्या. सौम्याबाईंच्या घरची भाषा कानडी. पण रोगी येईल त्याच्या भाषेत त्या बोलत, आणि रागावायची वेळ आली तर मराठी, कानडी, दखनी अशा तिन्ही भाषांत रागावत.

माझं काम पायांचं. मधुमेहाने काळे पडलेले अंगठे, विडीने आखडलेल्या धमन्या, महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमा. कुठवर रक्त पोचतंय आणि कुठे अडतंय, ते मी सांगत असे. चन्नव्वा नावाच्या म्हाताऱ्या बाईने आपल्याच पावलाचा आवाज ऐकला तेव्हा ती चकित होऊन म्हणाली, "अय्यो, म्हंजी आत अजून कुणी तरी कांडायलंय की!" सगळे हसले. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

मग दवाखान्यात रंगीत पडद्याचं मोठं सोनोग्राफी यंत्र आलं. ते चालवणारा माणूस आठवड्यातून एकदा, गुरुवारी यायचा. तरी सगळे त्याचीच वाट पाहू लागले. मी गेलो खणात, बोथट कात्र्या आणि मुदत संपलेल्या पट्ट्यांच्या सोबतीला. क्वचित कधी बाहेर निघायचो.

तानाजी आला तेव्हा मी असाच बऱ्याच दिवसांनी बाहेर निघालो होतो.

दुपारची वेळ होती. चार माणसांनी त्याला टेम्पोतून उतरवलं. बावीस वर्षांचा पैलवान, दांडगा गडी. लाल मातीने माखलेलं अंग आणि त्या मातीवरून घळघळ वाहणारं डोक्यातलं रक्त. एक डोळा सुजून बंद झाला होता. पाठीवर काठीचे वळ इतके होते की मोजता येत नव्हते. त्याची आई सुमनबाई पदराने त्याचं डोकं दाबून धरत होती. मागून त्याचे वडील अंकुशराव आले. हळ्ळीखेडच्या तालमीचे वस्ताद. त्यांच्या हातात वेताची छडी होती.

काय घडलं ते सुमनबाईंनी टाके पडत असताना सांगितलं. शेजारच्या एका गावच्या जत्रेत तानाजीची कुस्ती होती. पंधरा मिनिटं त्याने समोरच्या पैलवानाला दाबून ठेवलं होतं. अचानक त्याचा उजवा पाय गेला. खांब मोडावा तसा तो गुडघ्यावर बसला. समोरच्याने त्याच पायावर लाथ घातली आणि त्याला चितपट केलं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "कुस्ती इकली!" मग चपला आल्या, दगड आले, सोड्याची बाटली आली.

"पयला फटका ह्येंनी मारला," सुमनबाई नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या. "भर फडात. मग लोकांनी बी हात धुऊन घेतले."

"इकली न्हाई तर पडला कामून?" अंकुशराव गरजले. "सा महिनं झालं, ह्येचं हेच चालायलंय. पळ म्हणलं की पाय दुखायलाय, बैठका मार म्हणलं की पाय दुखायलाय. जेवताना दुखत न्हाई, झोपताना दुखत न्हाई!"

सौम्याबाईंनी डोक्याला अकरा टाके घातले. मग उजव्या पोटरीवरून हात फिरवताना त्या थांबल्या. तिथे बोटाएवढे तीन भाजलेले व्रण होते. हाडं बसवणाऱ्या एका माणसाकडे नेऊन अंकुशरावांनी पोराच्या पोटरीला तापल्या लोखंडाच्या डागण्या देवविल्या होत्या. चौघांनी दाबून धरलं होतं म्हणे.

"नेमकं कधी दुखतं, तानाजी?" बाईंनी विचारलं.

"पळायलो की. बैठका मारायलो की. पोटरी आवळून येतीया, दोरीनं बांधल्यावानी. मग पाऊल बधिर व्हतंय, गार पडतंय. थांबलो की चार मिंटात सगळं ठीक."

बाईंनी त्याला आडवं झोपवलं. मल्लम्मांनी मला खणातून काढलं. माझी कांडी त्याच्या घोट्यामागे टेकली आणि मी ऐकलं. धुप्प-सूं, धुप्प-सूं. जोरकस, निरोगी आवाज. पैलवानाचं रक्त! गुरुवारी मोठ्या यंत्रानेही तेच सांगितलं. रक्तवाहिन्या उत्तम आहेत.

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. पण तो पाय आडवा पडून दुखतच नव्हता आणि मी तो आडवा असतानाच ऐकला होता.

"धमन्या चांगल्या आहेत. स्नायू ओढला गेला असेल," सौम्याबाई म्हणाल्या. "गोळ्या देते. पंधरा दिवस विश्रांती."

अंकुशरावांनी विश्रांती हा शब्द ऐकलाच नाही. त्यांनी फक्त 'चांगल्या आहेत' एवढंच उचललं. बाहेर पडताना ते मुलाला म्हणाले, "बघ. मशीन बी म्हणालंय, ढोंग हाय."

माझं नाव घेऊन त्यांनी पुढचे नऊ दिवस मुलाचे हाल केले.

दहाव्या दिवशी सकाळी एकाच रिक्षातून बाप-लेक दोघेही आले. बापाच्या उजव्या हातात छडी होती, डावा हात लोंबकळत होता, गळ्याजवळचं हाड मोडून कातडीखाली टोचत होतं आणि ओठ फाटून रक्त छातीवर सांडलं होतं. पोरगा एका पायावर लंगडत होता. दोघांच्या मध्ये सुमनबाई बसल्या होत्या, दोघांना एकमेकांपासून लांब धरून.

तालमीत अंकुशरावांनी त्याला पाचशे बैठका मारायला लावल्या होत्या. दीडशेच्या आसपास पाय बधिर झाला. तो थांबला की पोटरीवर छडी पडायची. सहाव्या-सातव्या फटक्याला तानाजी वळला. त्याने बापाचं मनगट धरलं, खांदा खाली घातला आणि त्यांना उचलून धोबीपछाड मारली. हा डाव त्याला बापानेच आठ वर्षं घोटून घेऊन शिकवला होता. अंकुशराव आखाड्याच्या दगडी कडेवर आपटले.

दवाखान्यात शिरतानाही ते शिव्या देत होते. "बापावर हात टाकतूस? पाय तोडतो तुजा! न्हाईतर तरी काय कामाचा हाय त्यो पाय!"

"तोडा!" तानाजी ओरडला. "तोडून टाका एकदा! मी बी सुटंन!"

सौम्याबाई मात्र त्याच्या पावलांकडे पाहत होत्या. डावं पाऊल तांबूस होतं. उजवं खडूसारखं पांढरं. त्यांनी हात लावला, ते गार होतं. नाडी लागेना. त्या पाहत असतानाच बोटांत हळूहळू रंग परतला आणि नाडी बोटाखाली उडू लागली.

त्या म्हणाल्या, "मल्लम्मा, डॉप्लर दे. लवकर."

माझी कांडी घोट्यामागे टेकली. धुप्प-सूं, धुप्प-सूं.

"मल्लम्मा, तळव्याखाली हात धर. तानाजी, गुडघा सरळ ठेव आणि पंजाने तिचा हात ढकल. सगळा जोर लाव."

तानाजीने दात आवळले. त्याच्या पोटरीचा गोळा दगडासारखा टरारला. मल्लम्मा एवढ्या धिप्पाड, पण त्याही मागे सरकल्या.

धुप्प-सूं, धुप्प... आणि मग काही नाही.

मला वाटलं माझी बॅटरी गेली. इतकी शांतता मी फक्त कुजलेल्या पायांत ऐकली होती. इथे तर तरणाबांड पाय होता!

"सोड," बाई म्हणाल्या.

पोटरी सैल पडली आणि बांध फुटावा तसं रक्त आत घुसलं. त्यांनी तीनदा ते करून पाहिलं. तीनही वेळा जोर लावला की रक्त बंद, सोडलं की चालू. डाव्या पायालाही जोर लावल्यावर आवाज बारीक होत होता.

"गुडघ्यामागून एक मोठी धमनी खाली जाते," सौम्याबाई सांगू लागल्या. "पोटरीच्या स्नायूंच्या मधल्या जागेतून ती जायला हवी. फार थोड्या माणसांत ती जन्मापासूनच वाट चुकलेली असते. स्नायूच्या पट्ट्यात अडकलेली. पोटरी आवळली की तो पट्टा धमनीचा गळा दाबतो. ह्याने जितका व्यायाम केला तितका तो पट्टा दणकट झाला. मी पुस्तकात वाचलं होतं, रोगी पहिल्यांदा पाहते आहे. आणि तानाजी, मागच्या वेळी तू मला सगळं नीट सांगितलं होतंस. मीच तुला आडवं झोपवून तपासलं. माझी चूक झाली."

"म्हंजी मी ढोंग करत नव्हतो," तानाजी म्हणाला.

"नव्हतास."

अंकुशराव खाटेवरून उठले. "खोटं! त्या दिशी ह्येच डबडं म्हणालं पाय चांगला हाय, आन् आज म्हणायलंय अडकलाय?" त्यांनी चांगल्या हाताने मला हिसकलं आणि भिंतीवर फेकलं.

मी फुटलो. माझं झाकण तडकलं, बॅटरी फरशीवर घरंगळत गेली. पुढचं मी कोपऱ्यात पडून पाहिलं.

सुमनबाई उठल्या. लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली होती आणि त्या माणसापुढं त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. खाटेला टेकवलेली छडी त्यांनी उचलली आणि नवऱ्याच्या नडगीवर सपकन मारली. अंकुशराव कळवळून ओरडले. दुसरी बसली. तिसरी बसली.

"वरडू नका!" सुमनबाई म्हणाल्या. "रगत न्हाई आलं. हाड न्हाई मोडलं. मला तर वरून काईच दिसंना. मग तुमचं बी ढोंगच का?"

सौम्याबाईंनी पुढे होऊन त्यांच्या हातातली छडी हळूच काढून घेतली. अंकुशराव खाली बसले. मोडलेल्या हाडाची कळ त्यांच्या चेहऱ्यावर होती, पण त्याहून मोठं काहीतरी त्यांना लागलं होतं.

मल्लम्मांनी माझे तुकडे वेचले, बॅटरी पुसून आत घातली आणि माझ्याभोवती चिकटपट्टी घट्ट आवळली. कांडी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहिली. मी बोललो. आवाज थोडा खरखरत होता, पण बोललो.

सौम्याबाईंनी कलबुर्गीच्या मोठ्या दवाखान्यातले रक्तवाहिन्यांचे सर्जन डॉक्टर अनिलकुमार यांना फोन केला. परवा सकाळी स्कॅन करायचं ठरलं. तोवर तानाजीने जागचं हलायचं नाही, म्हणून त्याला इथेच ठेवून घेतलं.

पण त्या सकाळच्या दीडशे बैठकांनी आपलं काम केलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तानाजी किंचाळला. मल्लम्मा धावल्या. उजवं पाऊल संगमरवरासारखं पांढरं झालं होतं, त्यावर निळे डाग चढत होते. बाईंनी माझी कांडी घोट्यामागे लावली, पावलावर लावली, बोटांच्या मुळाशी लावली. पाय सैल होता, तरी आवाज नाही. चेचलेल्या धमनीत रक्ताची गाठ बसली होती.

"आपल्या हातात जेमतेम सहा तास आहेत," बाई म्हणाल्या. "नंतर पाय वाचत नाही."

त्यांनी गाठ वाढू नये म्हणून इंजेक्शन दिलं. रुग्णवाहिकेत तानाजी, सुमनबाई आणि मला घेतलेल्या सौम्याबाई. पुढे ड्रायव्हरशेजारी गळ्यात हात बांधलेले अंकुशराव. तानाजी वेदनेने लोखंडी दांडी इतकी आवळत होता की त्याची नखं फुटली. दर दहा मिनिटांनी बाई मला पावलावर टेकवत आणि दर वेळी मी गप्प. एका वळणावर उसाचे तीन ट्रॅक्टर रस्ता अडवून उभे होते. हॉर्न वाजवून कुणी हलेना. अंकुशराव खाली उतरले आणि मोकळ्या मुठीने त्यांनी ट्रॅक्टरचा पत्रा बडवायला सुरुवात केली. "हटवा! माझ्या पोराचा पाय मरायलाय! हटवा!" मूठ सोलून रक्त आलं तरी ते बडवतच राहिले. ट्रॅक्टर हलले.

कलबुर्गीला लगेच स्कॅन झालं आणि तानाजीला शस्त्रक्रियेच्या खोलीत घेतलं. सौम्याबाईंना आत उभं राहू दिलं. माझ्या कांडीवर निर्जंतुक पिशवी चढवली होती. अनिलकुमारांनी गुडघ्यामागची कातडी चिरली, मांस बाजूला सारलं आणि म्हणाले, "हे बघा."

स्नायूचा एक जाड पट्टा धमनीवर आडवा बसला होता, गळ्यावर पाय द्यावा तसा. त्यांनी तो कापला. दबलेली धमनी चेचून जाड झाली होती आणि आत काळ्या गाठी ठासून भरल्या होत्या. खराब झालेला तुकडा त्यांनी कापून टाकला. डाव्या पायातली एक शीर काढून ती तिथे शिवली, केसापेक्षा बारीक दोऱ्याने. तीन तास गेले. शेवटी रक्त अडवणारे चिमटे सोडले आणि सौम्याबाईंनी मला पावलावर टेकवलं.

काही नाही.

अनिलकुमार म्हणाले, "थांबा. जरा थांबा."

मग फार दुरून, धुप्प. पुन्हा धुप्प. आणि मग सगळा लोंढाच आला, धडका देत, आपटत, पावलाच्या टोकापर्यंत. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी एवढा मोठा आवाज कधीच केला नव्हता.

बाहेर बाकावर अंकुशराव बसले होते. अनिलकुमारांनी त्यांच्यापासून काहीच लपवलं नाही. "हा दोष जन्माचा आहे. तो कुणाच्या चुकीने झालेला नाही. पण दर बैठकीला तो पट्टा धमनी चेचत होता. दुखलं की पोरगा थांबायचा, तेच त्याचं बरोबर होतं. तुम्ही त्याला थांबू दिलं नाही."

अंकुशरावांनी स्वतःच्या थोबाडीत मारली. एकदा, दोनदा, तीनदा. सुमनबाईंनी त्यांचा हात पकडला.

"बास," त्या म्हणाल्या. "आता मारणं बास."

तानाजीचा पाय वाचला. दोन बोटं मात्र काळी पडली, उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. ती दोन्ही काढावी लागली. तीन महिन्यांनी डाव्या पायातला पट्टाही कापला. तिथे धमनी अजून शाबूत होती, म्हणून ते काम लवकर झालं. फडातली कुस्ती तो पुन्हा खेळला नाही. खेळू शकला असता असं अनिलकुमार म्हणाले होते, पण त्याचं मन झालं नाही. जत्रेतल्या ज्या लोकांनी त्याला दगड मारले होते त्यांच्यापैकी एक जणही त्याची विचारपूस करायला आला नाही. हेही मी तुम्हाला सांगायला हवं.

घरात बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटच्या तपासणीला दोघे आले ते सुमनबाईंमुळे. अंकुशराव दाराबाहेरच उभे राहिले. तानाजी खाटेवर झोपला, पंजाने मल्लम्मांचा हात सगळ्या ताकदीने ढकलला. पोटरी टरारली आणि माझा आवाज जराही तुटला नाही.

"आबा," तानाजीने हाक मारली. "आत या. ऐका."

अंकुशराव आत आले. मान खाली घालून ऐकत राहिले.

"हे कायम असंच आदळत असतंय आत?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय," तानाजी म्हणाला. "आन् आबा, मी तुमाला माफ केलंय असं समजू नका."

"न्हाई समजत," अंकुशराव म्हणाले. पण ते हलले नाहीत. मल्लम्मांनी स्टूल पुढे सरकवलं. त्यावर बसून ते बराच वेळ मुलाच्या पायातलं रक्त ऐकत राहिले, आणि तानाजीनेही पाय मागे घेतला नाही.

मित्रांनो, मोठं यंत्र अजून आहे आणि त्याचं काम ते चोख करतं. मी आता खणात नसतो, सौम्याबाईंच्या टेबलावर असतो. पाय दुखतो म्हणून कुणी आलं, की बाई त्याला आधी दवाखान्याच्या अंगणात चालायला लावतात, पळायला लावतात, दुखू देतात आणि मग मला टेकवतात. हे त्या तानाजीकडून शिकल्या. मीही शिकलो.

तुम्हालाही एक विनवणी करतो. तुमचा भाऊ, तुमची मैत्रीण, तुमच्या संघातला खेळाडू धावता धावता थांबून "दुखतंय" म्हणाला आणि तुम्हाला वरून काहीच दिसलं नाही, तर त्याला खोटं ठरवायची घाई करू नका. त्याला थांबू द्या. कधी दुखतं, काय करताना दुखतं, ते विचारा आणि त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐका. तुम्हाला ऐकायला माझ्यासारखी बॅटरी लागत नाही.